तुळसाच्या उशाशी

मित्रांनो, मला उचलून कानाशी धरलेत, तर आतून बारीक सळसळ ऐकू येईल. ती माझ्या पोटातली मोहरी. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवायची मी एक जुनी उशी आहे. तुमच्या ओंजळीत मावेन एवढीच. माझ्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे आणि दुसऱ्या कोपऱ्याचे टाके भलत्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेले आहेत. दिसायला मी काही देखणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर ज्यांनी डोके टेकले, त्यांतल्या काहींना आता मिसरूड फुटले आहे, आणि त्यांची ती गोल गरगरीत डोकी आठवली की मला उगाचच ऐट येते.

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात झाला. साल ब्याऐंशी. मनुबाईची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मनुबाईने बाजारातून बारीक काळी मोहरी आणली, खडे वेचले, धुतली आणि ओट्यावर सुपात वाळत घातली. शेजारीच सुकट वाळत होती. त्यामुळे पहिले काही दिवस माझ्या अंगाला तिचा वास येत असे, पण बाळाने कधी तक्रार केली नाही. मग आपल्या जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला तुकडा तिने घेतला, दुहेरी शिवला, त्यात मोहरी भरली आणि तोंड बंद केले. कापसाची उशी डोक्याला गरम होते, एका जागी दबून बसते. मोहरी थंड असते आणि सरकते. डोके इकडे वळले की दाणे तिकडे पळतात.

पहिल्यांदा माझ्यावर बाळाचे डोके ठेवले गेले तो क्षण मी विसरणे शक्य नाही. मला वाटले होते, काहीतरी हलकेफुलके येऊन पडेल. पण ते चांगलेच जड होते आणि ऊन ऊन होते. त्यात काहीतरी चालले होते. मनुबाईने टाळूवर तेल भरले तेव्हा तिची बोटे तिथे जराशी थबकली. टाळू धडधडत होती, आणि ती धडधड डोक्यातून उतरून माझ्या दाण्यादाण्यापर्यंत पोचत होती. मी तर मोहरी. माझ्या नशिबी फोडणीत तडतडणे लिहिलेले. आणि इथे एक अख्खा माणूस माझ्यावर विश्वासाने डोळे मिटून वाढत पडला होता! हो, वाढत. रोज सकाळी ते डोके आदल्या दिवसापेक्षा किंचित मोठे असायचे. घरातल्यांना ते दिसत नसे. मला मात्र कळायचे.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. 'मनुबाईची उशी' म्हणून माझे नाव झाले. कोळीवाड्यात कुणाकडे पाळणा हलला की मला बोलावणे यायचे. मी या घरातून त्या घरात जायची, आणि परतताना धुतलेली, उन्हात वाळवलेली, कधी नवी खोळ चढवलेली असायची. बायका म्हणायच्या, "मनुबाय, पोराचा डोस्का कसा नारलासारका झाला बघ!" मनुबाई वरवर "माजा काय हाय त्यात" म्हणायची. पण त्या दिवशी तिचे कालवण हमखास खारट व्हायचे, कारण तिचे लक्ष चुलीकडे नसायचे.

पुढे बाजारात अस्वलाची चित्रे असलेल्या फोमच्या उशा आल्या. मला कुणी बोलावेना. मी ट्रंकेत गेले आणि कितीतरी दिवस डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीत पडून राहिले.

पंचाण्णव साली मला पुन्हा उजेड दिसला. मनुबाईचा मुलगा तानाजी याला मुलगी झाली होती. तानाजीने होडी सोडली होती. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात भट्टीपाशी काम करायचा. त्याची बायको सगुणा डोंबिवलीची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झाले. मुलीचे नाव पणजीवरून तुळसा ठेवले. सगुणाच्या मनात दुसरे नाव होते, पण मनुबाईने बारशाला सगळ्यांच्या आधी पाळण्यात वाकून 'तुळसा' म्हणून टाकले, आणि मग कुणाची बदलायची टाप नव्हती.

या तुळसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

घर होते लांबट आणि अरुंद. पाळण्याच्या कड्या तुळईला पूर्वीपासून ठोकलेल्या, त्यामुळे पाळणा टांगायचा तर उत्तर-दक्षिण. आता बाळाचे डोके उत्तरेला कोण करील? मनुबाईच्या घरात तर ते बोलायचीही सोय नव्हती. तेव्हा डोके दक्षिणेला, पाय उत्तरेला. आणि दार होते पूर्वेला. म्हणजे तुळसाच्या उजव्या हाताला. दारातून खाडीचा उजेड यायचा, वारा यायचा, माणसे यायची, मासळीच्या पाट्या घेऊन बायका हाका मारत जायच्या. डावीकडे नुसती भिंत. तुम्हीच सांगा, तुम्ही कुठे बघितले असते?

तुळसा उजवीकडे बघत राहिली. बघता बघता तिची मान त्याच बाजूला आखडली. माझे दाणे इकडे पळायला तयार होते, तिकडे पळायला तयार होते, पण डोके हलेल तर ना! जिथे ते टेकले, तिथेच रोज टेकत राहिले. बाळाचे डोके म्हणजे ओल्या मातीचा गोळा असतो. ज्या अंगावर ठेवाल, ते अंग सपाट होते.

तिसऱ्या महिन्यात लस टोचायला तिला डॉक्टर सुमतीबाईंच्या दवाखान्यात नेले. मनुबाईने हट्टाने मलाही पिशवीत घातले होते, म्हणून मला हे सारे समोर बघायला मिळाले. डॉक्टरीणबाईंनी लस टोचली, रडणे थांबू दिले, आणि मग बाळाला बसते धरून वरून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"उजव्या बाजूला चपटं झालंय," त्या म्हणाल्या. "हे बघा, उजवा कान पुढे सरकलाय. कपाळही या बाजूनं थोडं पुढे आलंय."

सगुणाचा चेहरा उतरला. मनुबाई मात्र ठाम होती. "बसंल, बाय. हलूहलू बसंल डोस्का. मोहरीची उशी हाय ना तिला."

"बसलंच आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका बाजूनं बसलंय."

मनुबाईच्या तोंडी 'बसणे' म्हणजे नीट जागेवर येणे होते. डॉक्टरीणबाईंचे 'बसणे' म्हणजे खचणे होते. दोघी एकच शब्द बोलत होत्या, आणि मधल्या मध्ये सगुणा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

मग डॉक्टरीणबाईंनी घराची चौकशी केली. दार कुठे, पाळणा कसा, बाळ कुठे बघते. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "मग सोपं आहे. पाळण्यात तिला उलटं झोपवा. डोकं पायाकडे करा, म्हणजे दार डाव्या बाजूला येईल."

"उत्तरेला?" मनुबाई उभीच राहिली. "जित्या पोरीचा डोस्का उत्तरेला करू? काय बोलताव, बाय!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "बरं, मग पोर फिरवू नका, घर फिरवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी भिंतीकडून तिच्याशी बोलायचं. आणि जागी असली की पोटावर पालथी घाला, समोर बसून." मानेचा एक हलका व्यायाम त्यांनी सगुणाला करून दाखवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि उशी आता नको."

मला राग आला, मित्रांनो. आजवर मला कुणी असे तोंडावर म्हटले नव्हते. पण मनुबाईने मला ट्रंकेत टाकले नाही. पाळण्यातच, पण पायाच्या टोकाला सरकवले. उशाशी असलेली मी पायाशी गेले. तिथून मला तुळसाच्या टाचा दिसायच्या, आणि लांबवर तिचे डोके.

त्या दिवसापासून घरात गंमतच झाली. सगळे घर भिंतीला चिकटले. पाळण्यावर टांगायचे रंगीत चिमण्यांचे चिमणाळे डाव्या बाजूला बांधले. तुळसाचे आजोबा धाकू तिथेच बसून जाळे विणू लागले. धाकूआजोबा म्हणजे डोक्यावर लाल टोपी आणि तोंडात मोजके शब्द. पण नातीसाठी ते भिंतीपाशी बसून बोंबलाच्या, सुरमईच्या गोष्टी सांगायचे. दारातून आलेल्या पाहुण्यालाही मनुबाई म्हणायची, "थांब, तिथना बोलू नुको! इकरं ये, भिंतीकडं ये, मंग बोल."

हळूहळू मान सुटली. तुळसा दोन्हीकडे बघू लागली, पालथी पडू लागली, आजोबांचे जाळे ओढू लागली. डोक्यातही थोडा फरक पडला. पण थोडाच. उजवी बाजू अजून सपाट होती. ती पाच महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वरून पाहिले आणि तो शब्द उच्चारला.

"हेल्मेट."

मुंबईत काही मुलांना ते केले होते म्हणे. बाळाच्या डोक्याच्या मापाचे, आतून मऊ, बाहेरून कडक. दिवसरात्र घालायचे, फक्त आंघोळीपुरते काढायचे. तीन-चार महिने. वागळे इस्टेटमध्ये श्रीपाद नावाचे गृहस्थ पोलिओच्या मुलांसाठी पायाला लावायचे कॅलिपर बनवत. ते हे करून देतील, असे त्या म्हणाल्या.

"नाही केलं तर?" सगुणाने विचारले.

"तर काही आजार होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदू उत्तम आहे तिचा. हे दुखणं नाही, हा आकार आहे. आपोआप अजून थोडा सुधारेल. पूर्ण नाही. हेल्मेटनं जास्त सुधारेल, पण आता केलं तरच. वर्षाची झाल्यावर डोकं भरभर वाढत नाही."

"तुम्ही काय म्हणता? करू?"

"मी करा म्हणणार नाही आणि करू नकाही म्हणणार नाही. हे तुम्ही ठरवायचं."

मला वाटते, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हुकूम दिला असता तर सगुणाला हायसे वाटले असते. आजार असता तर प्रश्नच नव्हता. पण आजार नाही, जिवाला धोका नाही, आणि तरीही ठरवायचे, तेही लवकर ठरवायचे! तिने जन्म दिलेल्या पोरीचे डोके तिने एका टणक कवचात बंद करायचे की नाही, हे तिच्याच गळ्यात येऊन पडले.

घरी तिला कुणाचीच साथ नव्हती. तानाजी म्हणायचा, "मी कामावर हेल्मेट घालतो ना, मला विचार. दोन तासांत डोकं शिजतं. आणि ही एवढीशी पोर दिवसरात्र घालणार? तू वेडी झालीस काय?" मनुबाईचे दुखणे वेगळेच होते. "टालू कशी भरू गो मी? टालूवर तेल नाय, वारा नाय. डोस्का वाढायचा कुठं? पोरीला काय डब्यात घालताव?"

ती भीती सगुणालाही होतीच. दुपारी घर सामसूम झाले की ती पाळण्यापाशी बसायची आणि तुळसाच्या त्या सपाट बाजूवरून बोट फिरवायची. एकदा ती झोपलेल्या पोरीशीच बोलली. "नाही केलं, तर मोठी होऊन विचारशील, आई, तुला माहीत होतं ना? आणि केलं, आणि तुला त्रास झाला, तर? मी काय करू गं?" तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडले. मी ते टिपून घेतले. तेवढेच मला जमण्यासारखे होते.

नारळी पौर्णिमा आली. कोळीवाडा नटला. मंजुळाआत्या मुलांना घेऊन माहेरी आली. नारळीभात शिजत होता, धाकूआजोबा नवी टोपी घालून खाडीवर नारळ अर्पण करून आले होते. श्रीपादांकडे जायचे की नाही ते डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या दिवशी कळवायचे होते, आणि घरात तोच विषय चालला होता.

मंजुळाआत्या तुळसाला मांडीवर घेऊन म्हणाली, "कनाला एवढा इचार करताव तुमी? पोरगी हाय ना! केस वाढले की झाकला जाईल. कोनाला दिसनार बी नाय."

तानाजीला हे पटले. "तेच तर मी बोलतो! वेण्या घातल्या की झालं."

सगुणाही उठून पाने मांडू लागली. मला वाटले, ठरले. हेल्मेट नको. खरे सांगू, मला आनंद झाला. मी पुन्हा उशाशी जाईन, असे मनात आले.

तेवढ्यात धाकूआजोबा भिंतीपासून उठले. पाळण्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "मंजू, झाकल्यावर काय व्हतंय, म्हाईत हाय काय तुला?"

आणि त्यांनी टोपी काढली.

आजवर घरात कुणी त्यांना टोपीशिवाय पाहिले नव्हते. जेवताना टोपी, झोपताना टोपी. सगळे समजत, जुना माणूस आहे, कोळ्याला टोपीचा मान. आता त्यांनी डोके खाली वाकवले, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते वरून दिसले. मागून, डाव्या बाजूला, डोके सपाट होते. कान पुढे आलेला. म्हातारपणात केस विरळ झाले होते, त्यामुळे अधिकच दिसत होते.

"डोस्का पाट्यावानी सपाट, म्हनून पोरा मना पाट्या म्हनायची," ते म्हणाले. "पाट्या, पाट्या करून पार बंदरापातूर मागं यायची. तवा टोपी घातली. पुढं मोठा झालो, पोरा इसरली. मी नाय इसरलो." ते सुनेकडे वळले. "माजा काय बी अडला नाय, सगुणा. होडी वल्हवली, जाली टाकली, पोरा वाढवली. डोस्का चांगला चालतंय माजा. तुजे पोरीचा बी चालंल. हेल्मेट घाल नायतर नुको घालू. पन झाकला जाईल म्हनून सोडू नुको. झाकनारा इसरत नाय कवा. तुमचे आयशीम्होरं पन मी टोपी काढली नाय."

मग चुलीपाशी उभ्या असलेल्या मनुबाईचा आवाज आला.

"मना म्हाईत व्हता."

आजोबांनी मान वर केली.

"लगीन झाला तवापासना म्हाईत हाय," ती म्हणाली. "झोपंत टोपी सरकायची तुमची. मी परत नीट करायची. तुमाला आवडायचा नाय म्हनून बोलली नाय."

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ डोकी विसावली आहेत. डोक्याच्या बाबतीत आपल्याला सगळे कळते, असा माझा समज होता. पण एका डोक्याच्या आत एवढी वर्षे एवढे दडून राहू शकते, आणि दुसऱ्या माणसाने ते ओळखून त्याच्यावरची टोपी गुपचूप नीट करत राहावे, हे माझ्या मोहरीएवढ्या बुद्धीच्या पलीकडचे होते. मी थक्क होऊन पडून राहिले.

सगुणाने मंजुळाआत्याकडून पोर घेतली. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, चार महिने झाकायचं आहे. मग जन्मभर नाही. मी करते."

तानाजीने तुळसाची मूठ हातात घेतली. मग म्हणाला, "घामाचं काय करायचं ते त्या माणसाला आपण विचारू. मी येतो सोबत."

मनुबाईच्या पिशवीत बसून मीही श्रीपादांच्या कारखान्यात शिरले आणि पुन्हा चकित झाले. फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे पाय, पांढरे हात रांगेने उभे. प्रत्येकावर मुलाचे नाव लिहिलेले. तुळसाला सगुणाच्या मांडीवर बसवले. डोक्यावर पातळ मोजा चढवला आणि वरून प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. तुळसा किंचाळली, मनुबाईने डोळे मिटले, तानाजीने तोंडाने होडीच्या भोंग्याचा आवाज काढला, आणि रडता रडता पोर हसली. तेवढ्यात पट्ट्या घट्ट झाल्या आणि साचा अलगद निघाला.

पुढच्या खेपेला टेबलावर तुळसाचे पांढरे डोके ठेवलेले होते. हुबेहूब. कानासकट, सपाट बाजूसकट. सगुणा ते बघून चरकली. श्रीपादांनी हाताने ओले प्लॅस्टर घेतले आणि त्या सपाट बाजूवर ते थापू लागले. थापून थापून त्यांनी ती बाजू गोल केली.

"हे काय करताव?" मनुबाईने विचारले. "दाबायचा हाय ना डोस्का?"

"नाही, आजी. दाबायचं काहीच नाही," श्रीपाद म्हणाले. "या साच्यावर हेल्मेट बनेल. पुढे आलेल्या भागाला ते नुसतं टेकेल. आणि इथं, जिथं चपटं आहे, तिथं मोकळं राहील. डोकं तर वाढणारच आहे. ते जागा मिळेल तिकडे वाढेल."

मनुबाई आयुष्यभर बाळांची डोकी हाताने वळत आली होती. दोन्ही तळव्यांत धरून, तेल लावून, गोल गोल. माझाही तोच धंदा. आम्हा दोघींना वाटायचे, डोक्याला आकार आम्ही देतो. आणि इथे हा माणूस म्हणत होता, काही करायचे नाही, फक्त जागा मोकळी ठेवायची. बाकीचे बाळ स्वतः करील. एवढीशी पोर, तिला अजून बसता येत नाही, बोलता येत नाही, आणि आपले डोके आपण गोल करणार! अंगावर काटा यावा असेच होते ते. मला काटा येत नाही, पण माझे दाणे मात्र नक्की हलले.

पुढचे महिने सोपे नव्हते. घामोळे आले, हेल्मेटला वास सुटला. सगुणा रोज ते साबणाने धुऊन पुसायची, आणि तेवढ्या वेळात मनुबाई टाळूवर हात ठेवून बसायची. नवरात्रात घरातले सगळे टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेले तेव्हा रांगेतला एक पोरगा ओरडला, "ए, बघ ना, छोटी स्कूटरवाली!" एक बाई तर तानाजीला म्हणाली, "पडली का हो पोर?" तानाजी आधी ओशाळायचा. मग तोही शिकला. "नाही काकी, घर बांधतेय. बांधकाम चालू आहे," असे म्हणायचा आणि पुढे जायचा. घरी सांगताना स्वतःच हसायचा.

सगुणा मात्र रोज दुपारी घाबरायची. काही होतेय का? पोरीला उगाच छळतो आहोत का? रोज बघणाऱ्याला फरक कसा कळणार! मला कळला असता, पण माझ्यावर आता डोके टेकत नव्हते.

थंडीचे दिवस होते. आंघोळ झाल्यावर सगुणाने तुळसाला हेल्मेट घातले, आणि सवयीने उजव्या बाजूला, मोकळ्या जागेत, बोट सरकवून आतले पाणी टिपायला गेली. बोट आत गेले नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. तरी गेले नाही.

"आई!" ती एवढ्याने ओरडली की मनुबाई हातातली मासळी टाकून धावत आली.

"काय झाला? अडकला काय? काढ, काढ तो डबा!"

"बोट जात नाही, आई," सगुणा म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "जागा भरली. तिनं भरली."

मनुबाईने हात पुसले. आपले बोट त्या फटीत घालून पाहिले. मग ती पाळण्यापाशी खाली बसली आणि तिने तुळसाला चक्क नमस्कार केला. देवाला करतात तसा, दोन्ही हात जोडून. तुळसाने तिचे नाक पकडले.

तुळसा आता शाळेत जाते. वरून बारकाईने पाहिले तर अजून जरासा फरक दिसतो, पण तो बघायला कुणाला सवड नाही. हेल्मेट ट्रंकेत आहे. ते ठेवताना सगुणाने मला उचलले, वास घेतला, आणि दोन वस्तूंना दोन जागा कशाला म्हणून मला त्याच्या आत बसवले. त्याच्याशी माझे भांडण उरलेले नाही. माझ्या पोटातली मोहरी सरकत सरकत त्याच्या सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसली आहे. उजवीकडे, मागच्या बाजूला, जिथे आधी मोकळी फट होती, तिथेही मोहरी जाऊन भरली. तेव्हा मला कळले, तुळसा तिथे केवढी वाढली होती. मित्रांनो, एवढीशी ती जागा, आणि ती भरायला एका जिवाने चार महिने गाजावाजा न करता रात्रंदिवस काम केले होते.

म्हणून एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी तान्हे भावंड असेल, तर त्याच्याशी रोज एकाच बाजूने बोलू नका. कधी भिंतीकडूनही हाक मारा. कुणाचे डोके, कुणाचे पाऊल, कुणाचे बोलणे वेगळे दिसले तर त्याला नाव ठेवू नका, कारण ज्याला ठेवले जाते तो ते विसरत नाही. आणि ट्रंक उघडलीत, तर मला या हेल्मेटमधून बाहेर काढू नका. इथे आत अजून तुळसाचे डोके माझ्यावर टेकलेले आहे, असे मला वाटते.